न वापरलेलं जुनं स्टोअर कार्ड पुन्हा चालू होतं का?

माटुंगारोड
मॉलमधल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाचं नाव असलेलं क्रेडिट कार्ड आहे, २०१८ चं. शेवटची खरेदी २०२१ मधली. कार्डावर मुदत ०८/२३ छापली आहे, त्यानंतरचं नवं कार्ड आलेलं नाही. तेव्हाचा मोबाइल नंबर आता नाही, पत्ता माटुंग्याचा जाऊन ठाण्याचा झाला. थकबाकी नसावी. दुकान चालू आहे, पण काउंटरवर जुन्या कार्डाचं विचारलं की नव्या कार्डाचा फॉर्म पुढे येतो.
हेच खातं परत चालू करता येतं का, की नवा अर्ज हाच रस्ता? आणि करता येत असेल तर करण्यात अर्थ आहे का? जाणकारांनी सांगावं.

वसईफास्ट
रुमाल टाकून ठेवतो.

खातेवही
आधी दुकानाचा काउंटर सोडा. आपल्याकडे 'दुकानाचं कार्ड' हे बँकेचं किंवा कार्ड कंपनीचं कार्ड असतं, दुकान त्यावर नाव देतं आणि गिऱ्हाईक आणून देतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा को-ब्रँडेड कार्डात दुकानाचं काम विक्री-वाटप आणि सवलती देणं एवढ्यापुरतंच आहे. तुमचं खातं चालू आहे की बंद, हे काउंटरवरच्या माणसाला दिसतच नाही. त्याच्या हातात नव्या अर्जाचा फॉर्म असतो, तो तेच देणार.

कार्ड उलटं करा, मागे बारीक अक्षरात कार्ड कोणी दिलंय ते असतं. काम त्यांच्याकडे. एसबीआय कार्ड असेल तर लक्षात ठेवा, ती वेगळी कंपनी आहे. स्टेट बँकेची शाखा म्हणजे तिचं ऑफिस नव्हे.

आता नक्की काय बंद पडलंय ते शोधायचं. प्लास्टिकची मुदत संपली असेल आणि खातं शाबूत असेल, तर नवं प्लास्टिक मागायचं, बस. खातं शाबूत पण वापर नाही किंवा केवायसी जुनी झाली म्हणून ब्लॉक घातला असेल, तर केवायसी करून ब्लॉक काढून घ्यायचा. खातंच बंद झालं असेल तर ते उघडलं जाईल ही आशा धरू नका, नवा अर्ज करा. कस्टमर केअरवाले या तिन्हीला 'कार्ड इनअ‍ॅक्टिव्ह आहे' असंच म्हणतात, म्हणून विचारताना थेट विचारा: अकाउंट क्लोज्ड आहे का? असेल तर कोणत्या तारखेला? नसेल तर ब्लॉक कोड कशासाठी लागलाय?

चिल्लर
पण वर्षभर न वापरलेलं कार्ड बँकेला बंद करावंच लागतं ना? धागाकर्त्यांच्या कार्डाचं तर वर्षश्राद्धही होऊन गेलं असणार. (हलके घ्या.)

खातेवही
नियम आहे. एक वर्षाहून जास्त वापर नसेल तर बँकेने कळवायचं, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर खातं बंद करायचं, आणि बंद केल्याची नोंद पुढच्या ३० दिवसांत क्रेडिट माहिती कंपन्यांकडे (कर्ज आणि कार्डांच्या परतफेडीच्या नोंदी ठेवतात त्या) करायची. १ जुलै २०२२ पासून लागू. धागाकर्त्यांच्या बाबतीत ती सूचना जुन्या नंबरावर गेली असणार, म्हणजे उत्तर जाण्याचा प्रश्नच नाही.

पण त्या नियमात एक अट आहे: सगळी देणी चुकती असतील तरच. समजा वार्षिक फी ४९९ रुपये लागली. १८ टक्के जीएसटी धरून ५८८.८२. ती भरली नाही तर खातं बंद होत नाही, त्यावर विलंब शुल्क आणि व्याज चढत राहतं, आणि रिपोर्टमध्ये थकबाकीचे दिवस मोजले जातात. तेव्हा 'थकबाकी नसावी' यावर विसंबू नका. खातं बंद सापडलं तर उलट निश्चिंत व्हा. चालू सापडलं तर पहिला प्रश्न बाकीचा. स्टेटमेंट येत नाही हाही पुरावा नाही: बाकी शून्य आणि व्यवहार नसेल तर ते बहुतेक ठिकाणी निघतच नाही, आणि निघत असलं तरी जुन्या ईमेलवर जातंय.

आकडेमोड
खातेवहींना अनुमोदन, पण फोन करण्याआधी घरबसल्या एक काम करा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, या चार क्रेडिट माहिती कंपन्यांकडून दर कॅलेंडर वर्षात एकेक पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः मागवला तर स्कोअर हलत नाही. फक्त 'फ्री'च्या पानावरूनच घ्या, शेजारचं सबस्क्रिप्शनचं बटण नको.

त्यात खात्यांच्या यादीत बँकेचं नाव आणि 'क्रेडिट कार्ड' शोधा. खातं बंद झाल्याची तारीख भरलेली असेल तर विषय संपला. ती जागा कोरी असेल आणि शेजारी माहिती शेवटची कधी कळवली ती तारीख अलीकडची असेल, तर खातं बँकेच्या पुस्तकात जिवंत आहे. तारीख कोरी, पण शेवटची माहिती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर बँकेने बहुधा बंद करून कळवलेलं नाही. तिथे दुरुस्तीची तक्रार टाका. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून आहे. बाकी, लिमिट आणि थकबाकीचे दिवस हे तीन आकडे टिपून ठेवा, फोनवर उपयोगी पडतात.

शंभरटक्के
एवढा खटाटोप कशाला? दोन कार्डं पुरतात. जुनं मेलं तर मरू द्या. स्कोअरसाठी जुनी कार्डं जपणं ही विकणाऱ्यांनी पसरवलेली गोष्ट आहे.

आकडेमोड
अर्धं बरोबर. बंद झालेलं खातं रिपोर्टमधून लगेच पुसलं जात नाही. माहिती किमान सात वर्षं ठेवावी लागते, त्यामुळे चांगला इतिहास काही काळ दिसत राहतो. 'कार्ड बंद केलं की आठ वर्षांचा इतिहास गेला' हे खोटं.

दुसरं अर्धं लिमिटचं. समजा सगळ्या कार्डांची मिळून लिमिट १,६०,००० आणि महिन्याचा वापर ४८,०००, म्हणजे ३० टक्के. त्यातलं ४०,००० लिमिटचं स्टोअर कार्ड गेलं की तोच खर्च १,२०,००० वर बसतो, म्हणजे ४० टक्के. सहा महिन्यांत घराचं कर्ज काढायचं असेल तर हा फरक मोजतात. काढायचं नसेल तर शंभरटक्केंचं म्हणणं चालेल.

शंभरटक्के
आणि नवा अर्ज केला तर बँकेने रिपोर्ट बघितल्याची, म्हणजे चौकशीची, नोंद पडते ती?

आकडेमोड
पडते, आणि खात्याचं वय शून्यापासून. म्हणूनच खातं चालू असेल तर प्लास्टिक मागणं स्वस्त, बंद असेल तर नव्या अर्जाची घाई नको.

सावध
इथे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं ते लिहितो. 'अमुक दुकान कार्ड कस्टमर केअर' असं शोधून पहिला दिसेल तो नंबर फिरवू नका. अशा शोधांवर खोटे नंबर पेरलेले असतात आणि जुनं कार्ड चालू करायला निघालेला माणूस आयता सापडतो, कारण तो स्वतःच कार्ड नंबर, जन्मतारीख आणि ओटीपी द्यायला तयार असतो. नंबर कार्डाच्या मागचा किंवा जुन्या स्टेटमेंटवरचा घ्या. बँकांच्या वेबसाइट आता डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर आहेत, तो शेवट बघा. 'तुमचं कार्ड बंद होतंय, ही फाइल टाका' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके आली तर उडवा. बँकेचे सेवेचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येणं अपेक्षित आहे, दहा आकडी मोबाइलवरून नाही. चालू करण्यासाठी 'एक रुपया पाठवा' हा प्रकार नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा.

गिरगावकर
मुख्य अडचण मोबाइल नंबर आहे, त्यावर कोणीच बोललं नाही. जुना नंबर बंद होऊन ९० दिवस उलटले की तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या कार्डाचे ओटीपी आज कुणा तिऱ्हाइताला जात असतील. फोनवरून नंबर बदलून मिळत नाही, कारण पडताळणीचा ओटीपीसुद्धा जुन्याच नंबरावर जातो.

त्याच बँकेत बचत खातं असेल आणि तिथे नवा नंबर असेल, तर नेटबँकिंगमधून कार्ड त्या ग्राहक क्रमांकाला जोडून नंबर बदलता येतो. खातं नसेल तर शाखेत अर्ज, पॅन, ओळखपत्राची स्वतः सही केलेली प्रत आणि मूळ कागद. काही बँका व्हिडिओ केवायसी करतात, त्याला मूळ पॅन हातात लागतं आणि तुम्ही त्या वेळी भारतात असावं लागतं. नंबर आणि पत्ता एकाच अर्जात बदलायला गेलात तर काही ठिकाणी फसवणुकीचा संशय म्हणून थांबवतात. आधी नंबर, त्याची पोच आली की पत्ता.

चिल्लर
पत्त्यावरून आठवलं, मुंबईत निम्म्या लोकांची लाइटबिलं आजोबांच्या नावावर असतात. पुरावा काय आजोबांचा द्यायचा?

गिरगावकर
वीजबिल किंवा महानगर गॅसचं बिल चालतं, पण तुमच्या नावाचं आणि दोन महिन्यांच्या आतलं. पागडीच्या खोल्या, घरमालकाच्या नावचं मीटर, रिडेव्हलपमेंटला गेलेली इमारत, अशा सगळ्यांची तिथे पंचाईत. घरमालकाबरोबरचं लिव्ह अँड लायसन्स बऱ्याच बँका घेतात, पण केवायसीच्या नियमात मान्य यादीत आहे ते नोकरी देणाऱ्या संस्थेबरोबरचं. त्यामुळे त्यावर वाद घालत बसू नका, आधारवरचा पत्ता बदलून घ्या आणि तोच द्या. केवायसी आधीची असेल आणि फक्त पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचं स्वयंघोषणापत्र घेऊन बँकेने दोन महिन्यांत पडताळायचं अशीही सोय आहे, पण प्रत मागण्याचा हक्क बँकेला आहे.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर जुन्या नावाचं ओळखपत्र आणि सोबत विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद. आधी पॅनवरचं नाव ठरवा, कारण क्रेडिट रिपोर्ट पॅनवर चालतो.

आणि पत्ता नोंदला गेल्याचा मेसेज येईपर्यंत प्लास्टिक मागू नका. नाहीतर कुरिअर माटुंग्याला जातं, तिथे कोणी घेत नाही, बँकेकडे परत येतं आणि तिथे ते नष्ट करतात.

वसईफास्ट
अवांतर: दुकानच बंद पडलं असेल तर? बिग बझारवाल्यांच्या कार्डांचं काय झालं?

नंदादीप
दुकान आणि खातं यांची नाळ वेगळी. फ्यूचर ग्रुपच्या दुकानांसाठी एसबीआय कार्डचं को-ब्रँडेड कार्ड होतं; २०२२ मध्ये ती दुकानं गेली म्हणून कार्डधारकाचं देणं-घेणं संपलं नाही. दुकानाच्या सवलती संपतात, खातं कार्ड कंपनीकडे राहतं. मग ती दुसरं कार्ड देऊ करते. त्याला तुमची स्पष्ट संमती लागते. संमतीशिवाय कार्ड बदलून चालू केलं आणि फी लावली, तर ती रक्कम परत करून वर तिच्या दुप्पट दंड बँकेने द्यायचा असा नियम आहे.

याच्या उलटही होतं, दुकान तिथेच आणि बँक बदलते. शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान अंधेरीचं, १९९१ मधलं, आणि त्यांची जुनी कार्डं सिटीबँकेची होती. सिटीचा इथला ग्राहक व्यवसाय १ मार्च २०२३ ला अ‍ॅक्सिसकडे गेला. ज्यांच्या हातात अजून सिटीचं प्लास्टिक आहे त्यांनी चौकशी अ‍ॅक्सिसकडे करायची. क्रेडिट रिपोर्टमध्ये अशा वेळी एकच खातं दोन नावांनी दिसू शकतं, त्यातलं जुनं 'बंद' दिसलं म्हणून घाबरू नका.

चिल्लर
अंधेरीतलं ते दुकान म्हणजे कपडे बघायला जायचं आणि एसी खाऊन यायचं ठिकाण.

शंभरटक्के
धाग्याचं काश्मीर होतंय, विषय भरकटतोय. पॉइंट्सबद्दल सांगा कोणी.

काउंटरमागचा
पॉइंट दोन प्रकारचे. दुकानाच्या सभासदत्वाचे पॉइंट मोबाइल नंबरवर असतात आणि ते काउंटरवर बघता येतात. तिथे नंबर बदलून घेणं सोपं. बँकेचे रिवॉर्ड पॉइंट कार्ड खात्याला असतात आणि खातं बंद झालं की जातात. कार्ड बंद करायचंच ठरवलं तर आधी ते वापरून घ्या.

आता कार्ड चालू झाल्यावर मशिनवर काय अडतं ते. जुनं खातं नव्या प्लास्टिकवर चालू झालं तरी पहिला व्यवहार नाकारला जाणं नेहमीचंच. बऱ्याच मशिनांच्या पावतीवर दोन आकडी कोड येतो, तो मागून घ्या. ५४ म्हणजे मुदत संपलेलं कार्ड. ५५ पिन चुकला, ७५ पिनचे प्रयत्न संपले. ५७ म्हणजे या प्रकारचा व्यवहार या कार्डाला बंद आहे. ६१ रकमेची मर्यादा ओलांडली, ६२ कार्डावर निर्बंध आहे. ०५ सगळ्यांत त्रासाचा, कारण बँक नाही म्हणतेय एवढंच कळतं. तो आला की पुन्हा पुन्हा स्वाइप करू नका, बँकेला फोन करा. ९१ आला तर बँकेची यंत्रणा झोपली आहे, थोड्या वेळाने बघा.

५७ का येतो ते सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशापासून नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशिनवर, चिप घालून चालतं. ऑनलाइन, टॅप आणि परदेश हे तीन स्विच तुम्हीच अ‍ॅपमधून किंवा आयव्हीआरवरून (फोनवरचा 'एक दाबा, दोन दाबा'वाला मेनू) चालू करायचे. जुन्या कार्डावर चालू होते म्हणून नव्यावर असतील असं नाही. परदेश बंदच ठेवा.

पहिला व्यवहार चिप घालून, पिन टाकून, शंभर-दोनशे रुपयांचा करा. एटीएममधून पैसे काढून तपासू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर रोख काढण्याचं शुल्क. शॉपिंग अ‍ॅपमध्ये साठवलेलं जुनं कार्डही विसरा. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला कार्डाचा तपशील साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे बदली सांकेतिक क्रमांक लागतो. नवी मुदत आणि नवा सीव्हीव्ही घालून पुन्हा जोडा.

माटुंगारोड
धन्यवाद मंडळी. रिपोर्ट काढला. बंद झाल्याची तारीख कोरी, माहिती गेल्या महिन्यापर्यंत कळवलेली, लिमिट ६०,०००, बाकी शून्य, थकबाकीचे दिवस शून्य. म्हणजे खातं चालू धरायचं? एक अ‍ॅड-ऑन कार्डही होतं त्यावर, घरच्यांच्या नावाचं.

आकडेमोड
चालू. वर्षभराच्या नियमाने बंद व्हायला हवं होतं, पण बँकेने केलेलं दिसत नाही. आणि बाकी शून्य म्हणजे फी चढलेली नाही. नशीबवान आहात.

खातेवही
मग क्रम असा. शाखेत नंबर बदला, मग पत्ता. दोन्हीची पोच आली की अ‍ॅपमधून किंवा कार्डामागच्या नंबरावर रिन्युअल प्लास्टिक मागा. 'कार्ड हरवलं' असं सांगू नका. त्यात कार्ड क्रमांक बदलतो आणि बदली शुल्क लागू शकतं.

मागण्याआधी तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: याच प्रकारचं कार्ड अजून मिळतं का, वार्षिक फी किती आणि कधी लागेल, किती खर्चावर माफ होते. फोनवरचं 'लाइफटाइम फ्री आहे सर' पुढे सापडत नाही. हा प्रकार बंद झाला असेल आणि दुसरा देत असतील तर त्याच्या अटींचं पत्रक आधी मागा. लिमिट कमी करून देतील अशी शक्यता आहे. वाढवायची तर तुमच्या संमतीशिवाय वाढवता येत नाही.

अ‍ॅड-ऑनचं प्लास्टिक वेगळं मागावं लागतं, त्याचा पिन आणि स्विचही वेगळे. त्यावरच्या खर्चाचं देणं मुख्य कार्डधारकाचंच.

नंदादीप
रिन्युअलच्या वेळी नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे वगैरे) निवडायची मुभा मोठ्या कार्ड कंपन्यांनी द्यायची आहे, सप्टेंबर २०२४ पासून. रुपे घेतलंत तर कार्ड यूपीआयला जोडता येतं, बऱ्याच भाजीवाल्यांच्या क्यूआरवरही चालतं. फक्त व्यापाऱ्याला देता येतं, मित्राला पाठवता येत नाही. को-ब्रँडेडमध्ये रुपे नसेलही, विचारून बघा.

चिल्लर
म्हणजे दुकानाच्या कार्डावर कोथिंबीर.

गिरगावकर
प्लास्टिक हातात आलं की लगेच चालू करा. दिल्यापासून ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेने ओटीपी पाठवून संमती विचारायची आणि ती नाही मिळाली तर सात कामाच्या दिवसांत खातं बंद करायचं. बदलून दिलेल्या कार्डालाही हे लागू आहे, फक्त देणी चुकती असायला हवीत.

माटुंगारोड
आणि फी परवडली नाही म्हणून शेवटी बंदच करायचं ठरलं तर?

खातेवही
देणी शून्य करा, पॉइंट वापरा, खात्यात जमा रक्कम असेल तर ती बँक खात्यात मागा. मग अ‍ॅप, ईमेल किंवा वेबसाइटवरच्या लिंकवरून अर्ज. पोस्टानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. सात कामाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँक तुम्हाला देणं लागते. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर. पैसे पडत नाहीत.

सावध
बंद झाल्याचा ईमेल आला की प्लास्टिक चिपमधून आडवं कापा, आणि दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये तारीख पडली का बघा. चौघांपैकी दुसऱ्या कंपनीचा काढा, एकाचा फुकट रिपोर्ट यंदाचा वापरून झालाय.